राष्ट्रीयत्वाचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'राष्ट्रीयत्व' असा एक रकाना असतो. त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जातीच्या रकान्यासाठी पालक चार-चार खेपा घालतात, जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र करून आणतात, आडनावातली वेलांटी चुकली तरी दाखला परत येतो. राष्ट्रीयत्वाबद्दल मात्र माझ्याकडे कधी कोणी आले नाही. वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत मी बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून, आणि एवढ्या काळात त्या रकान्यात हजारो वेळा 'भारतीय' असे लिहिले. मुलाचे आईबाप कोठून आले, त्यांच्यापाशी कोणते कागद आहेत, हे एकदाही विचारले नाही. मूल इथे जन्मले आहे आणि इथल्या बाकावर बसले आहे, एवढे मला पुरेसे वाटत होते. निवृत्तीनंतर नागरिकत्वाचा कायदा मुळातून वाचला, तेव्हा कळले की ज्या समजुतीने मी लिहीत होतो ती समजूत कायद्याने केव्हाच सोडून दिली होती.

हा कायदा वाचायला लागलो तो अमेरिकेतल्या एका आदेशामुळे. सांगलीत विश्रामबागेत आमच्या शेजारच्या घरातली मुलगी आणि जावई दोघेही तिकडे एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर काम करतात. २०२५च्या जानेवारीत तिला सहावा महिना लागला होता. २० जानेवारीला अध्यक्ष ट्रम्प यांनी पदग्रहणाच्या दिवशीच आदेश काढला, की तीस दिवसांनंतर जन्मणाऱ्या मुलाची आई देशात बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसेल, तर त्या मुलाला अमेरिकेने नागरिक मानू नये. ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक येत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशोबाने चालते; म्हणजे कायद्याने राहणारी, कर भरणारी माणसे पंधरा-पंधरा वर्षे 'तात्पुरती'च राहतात. त्या दिवशी शेजारच्या वहिनींनी मला विचारले, "सर, बाळ कुठल्या देशाचं म्हणायचं मग?" त्यांना धीर देणे सोपे होते, कारण परदेशात जन्मलेल्या मुलाची वर्षाच्या आत वकिलातीत नोंद केली तर भारताचा कायदा त्याला वंशाने नागरिक मानतो. पण पाठीशी असा दुसरा देश नसलेल्या मुलाचे काय, हा प्रश्न मनातून गेला नाही.

अमेरिकेतला वाद ज्या शब्दांभोवती फिरतो ते शब्द १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीतले आहेत. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे, असे ती म्हणते. हे वाक्य घटनेत का आले, ते लक्षात घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की आफ्रिकी वंशाचे लोक, मग ते गुलाम असोत वा स्वतंत्र, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. त्यानंतर यादवी युद्ध झाले, गुलामगिरी संपली, आणि 'बाप कोण होता' हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारता येऊ नये म्हणून नागरिकत्व जन्माच्या जागेशी बांधले गेले. पिढ्यानपिढ्या बापाच्या जातीवरून मुलाची जागा ठरवणाऱ्या आपल्या समाजाला तरी हे कारण समजावून सांगावे लागू नये.

त्या शब्दांची कसोटी लागली ती वाँग किम आर्क या माणसाच्या खटल्यात. १८७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी तो जन्मला. १८९५ साली चीनला जाऊन परत आला, तेव्हा त्याला बंदरातच अडवले आणि काही महिने जहाजांवर डांबून ठेवले. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती, आणि त्याच्या आईबापांना तर नागरिक होण्याचा मार्गच कायद्याने बंद होता. १८९८ साली न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की आईबाप परके असले तरी हा मुलगा जन्माने अमेरिकी आहे. अपवाद मोजके ठरवले: परकीय राजदूतांची मुले, देशाचा भाग बळकावून बसलेल्या शत्रूची मुले, आणि त्या काळी स्वतंत्र राष्ट्रे मानल्या जाणाऱ्या मूळ रहिवासी टोळ्यांची मुले. त्या टोळ्यांनाही १९२४ साली कायद्याने नागरिकत्व मिळाले.

'अधिकारक्षेत्राखाली' या शब्दांत आईबापांची निष्ठा आणि त्यांचा कायम अधिवास अभिप्रेत आहे, असे आदेशाचे समर्थक म्हणतात. मला हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो. ज्याला पोलीस पकडू शकतात, न्यायालय शिक्षा देऊ शकते, ज्याच्या कमाईवर कर बसतो, तो त्या राज्याच्या अधिकारक्षेत्राखालीच असतो. राजदूत नसतो, कारण त्याला पकडता येत नाही. बेकायदा राहणाऱ्या माणसाला देशाबाहेर घालवण्याचा हक्क सरकार सांगते ते त्याच्यावर आपला अधिकार चालतो म्हणूनच ना? मग त्याच माणसाच्या मुलाच्या बाबतीत तो अधिकार चालत नाही, असे त्याच तोंडाने कसे म्हणता येईल?

या नियमाने आपल्या माणसांना काय दिले, हेही विसरू नये. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने भारतीयांना 'गोरे' मानायला नकार दिला. त्यामुळे नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग बंद झाला, आणि मिळालेले नागरिकत्वही अनेकांकडून काढून घेतले गेले. कॅलिफोर्नियात अशा परक्यांना शेतजमीन घ्यायला १९१३ पासूनच बंदी होती. तेव्हा तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी काय केले, तर तिथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर जमिनी केल्या. बाप परका आणि मुलगा नागरिक, म्हणून कुटुंब जगले. सातबाऱ्यावरच्या नावाची किंमत आमच्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. भारतीयांना तिथे नागरिक होण्याची मुभा मिळाली ती थेट १९४६ साली.

ताज्या आदेशाची कायदेशीर वाटचाल मी थोडक्यात सांगतो. तीनच दिवसांत सिएटलच्या एका न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांच्या देशव्यापी मनाई हुकमांवर मर्यादा घातली, पण मूळ प्रश्नाला हात लावला नाही. मग जुलैत न्यू हॅम्पशायरमध्ये अशा सर्व बालकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल होऊन पुन्हा स्थगिती मिळाली, आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला. शेजारची नात या सगळ्या धामधुमीत जन्मली.

आता आपल्याकडे येऊ, कारण मला खरे बोलायचे आहे ते आपल्याविषयी. आपल्या संविधान सभेत हाच वाद २९ एप्रिल १९४७ रोजी झाला होता. या भूमीवर जन्मलेला प्रत्येक जण नागरिक, असा मसुदा समोर येताच काही सदस्यांनी शंका काढली, की परदेशी जोडपे इथून जाता जाता मूल जन्मले तर तेही भारतीय ठरणार काय? सरदार पटेलांचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. नागरिकत्वाची एक कल्पना व्यापक असते आणि एक संकुचित, आपण संकुचित कल्पना स्वीकारू नये, असे त्यांनी सांगितले. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी आपण जे मागतो त्याची आठवण दिली. आणि केवळ नागरिकत्वासाठी बाळंतपणाला भारतात येणारे परदेशी असे असतील तरी किती, आणि त्यांच्यासाठी संविधानात वंशाची भाषा आणायची काय, असा सरळ सवाल केला. पुढे ऑगस्ट १९४९ मध्ये फाळणीच्या जखमा ताज्या असताना नागरिकत्वाची कलमे सभेपुढे आली, तेव्हा एका कलमाचा अपवाद सोडला तर मसुदा समितीला इतका डोकेदुखीचा दुसरा विषय नव्हता, अशी कबुली डॉ. आंबेडकरांनी दिली. बाबासाहेबांचा शाळाप्रवेश ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत झाला. आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या त्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. मूळ गाव कोकणातले, जन्म वडिलांच्या पलटणीमुळे दूर महूला, आणि शाळा साताऱ्यात. माणसाचे गाव एका ओळीत लिहून संपत नाही, हे ज्यांच्या स्वतःच्या आयुष्याने दाखवले होते त्यांच्या हाती तो मसुदा होता.

१९५५चा नागरिकत्व कायदा त्याच व्यापक कल्पनेवर उभा राहिला. २६ जानेवारी १९५० पासून पुढे जो भारतात जन्मला तो नागरिक. अपवाद राजदूतांच्या आणि शत्रूच्या मुलांचा. पुढे १९८६ साली दुरुस्ती झाली, आणि १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. २००३ साली आणखी एक दुरुस्ती झाली, आणि ३ डिसेंबर २००४ पासून आईबाप दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा, असा नियम झाला. म्हणजे आई भारतीय, बाळाचा जन्म सांगलीच्या सरकारी दवाखान्यातला, पण बापाच्या व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर ते बाळ जन्माने भारतीय नाही. ट्रम्प यांच्या आदेशात एक पालक नागरिक असला तरी चालते. आपला कायदा त्याहूनही कडक आहे, आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ आपल्यात कोणाच्या लक्षातही न येता नांदतो आहे. तिकडच्या आदेशावर संतापणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाने, त्यात मीही आलो, आपल्या नागरिकत्व कायद्याचे कलम तीन एकदा वाचायला हवे.

या बदलाचा फटका फक्त परक्यांना बसतो, असा समज आहे. तो खरा नाही. २०१० साली जन्मलेल्या एका मुलीचा विचार करा. पालकांपैकी कोणी रीतसर आलेला परदेशी नसेल, तर ती भारतीय ठरायला तिचे आईबाप दोघेही भारतीय हवेत. ते १९८९-९० साली जन्मलेले असतील, तर त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या आईबापांतले निदान एक जण भारतीय हवे. आणि ते आजीआजोबा १९६० साली इथल्या भूमीवर जन्मले हे दाखवायला हवे, म्हणजे जेव्हा बाळंतपण घरातच सुईणीच्या हातून होत असे आणि नोंद करायला गावकामगारापर्यंत कोणी जात नसे, त्या काळातला पुरावा हवा. जन्माची जागा पुरेशी होती तेव्हा एक कागद लागत होता. आता तीन पिढ्यांचे कागद लागतात. त्यात एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही असा प्रश्न निघाला, की ते सिद्ध करण्याचे ओझे १९४६च्या कायद्याने त्या व्यक्तीवरच टाकले होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२५च्या कायद्यानेही ते तिथेच ठेवले आहे.

हे कागद कोणाकडे नसतात, ते मी पाहिले आहे. १९९३च्या दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीची टोळी आली. एक बाई आपल्या मुलाला शाळेत घेऊन आली. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "फडात झाला गुरुजी, कारखाना बंद व्हायच्या आधी. तुमच्या हिशोबानं लिवा." मुलाच्या अंगाला पाचटाचा वास येत होता आणि मुठीत उसाचे एक कांडे होते. त्या काळच्या प्रत्येक मास्तराप्रमाणे मीही हिशोबाने लिहिले: १ जून १९८७. जूनला सहा वर्षे पूर्ण होतात म्हणून १ जून. आमच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. आज कायदा वाचताना त्या तारखेपाशी थबकलो. कायद्याची सीमा १ जुलै १९८७. तीस दिवसांचे अंतर, आणि ते एका मास्तराच्या लेखणीने पडलेले. मी वर्ष एकाने पुढे लिहिले असते, तर त्या मुलाला उद्या कोणी विचारल्यावर आईबापांचेही कागद काढावे लागले असते. आणि त्या आईबापांचा आयुष्यभराचा पत्ता म्हणजे मुकादमाच्या वहीत नवराबायकोच्या जोडीला लिहिलेला 'एक कोयता'.

कागद असतात त्यांचीही खात्री देता येत नाही. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत गच्च्यागच्च्यांवर कागद वाळत घातलेले मी पाहिले: खरेदीखते, गुणपत्रके, जन्मदाखले, प्रत्येकावर दगड ठेवलेला. काहींची शाई उतरून कागद नुसता निळसर राहिला होता.

दुसरी गोष्ट स्वेटरच्या दुकानातली. हिवाळ्यात इकडे तिबेटी विक्रेते येतात. मी ज्यांच्याकडून घेतो त्या बाई मुंडगोडच्या वसाहतीतल्या, कानडी आणि हिंदी दोन्ही सफाईने बोलणाऱ्या. त्यांचा जन्म १९८५चा, धाकट्या भावाचा १९८८चा. एकाच आईची मुले, एकच दवाखाना, एकच शाळा. कांगड्यात १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी मुलीच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली निकाल दिला, की १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेली म्हणून ती जन्माने भारतीय आहे. त्या न्यायाने बाई भारतीय ठरतात आणि भाऊ परदेशी. भावाने नोंदणीचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गल्ल्याखाली ठेवले होते. मुदत संपली की नूतनीकरणासाठी त्याला अधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते. ज्या देशाचा तो म्हणवला जातो तो देश त्याने पाहिलेला नाही. मूळच्या भारतीय माणसांच्या मुलांवरही ही पाळी येते. जन्माआधी अमेरिकी नागरिक झालेल्या आईबापांची, २००६ साली आंध्र प्रदेशात जन्मलेली एक मुलगी भारतीय पासपोर्ट मागायला गेली, तेव्हा ती भारतीय नाही असे तिला सांगण्यात आले. २०२४ साली उच्च न्यायालयाच्या दारात जावे लागले तेव्हा कुठे तिला नागरिकत्वाची वाट मिळाली.

विरुद्ध बाजूचे म्हणणे मी हलक्याने घेत नाही. आसामचे दुःख खरे आहे. बेकायदा स्थलांतरितांविरुद्धच्या सहा वर्षांच्या आंदोलनानंतर १९८५चा करार झाला, आणि १९८६ची दुरुस्ती त्याच वातावरणात झाली. आपल्याच भूमीवर आपली भाषा आणि आपली संख्या मागे पडेल ही भीती तिथल्या माणसाने उगाच बाळगलेली नव्हती, आणि सीमेचे रक्षण हे सरकारचे कर्तव्य आहे यात दुमत नाही. पण सीमा ओलांडतो तो प्रौढ माणूस. इथे जन्मलेल्या मुलाने कोणतीही सीमा ओलांडलेली नसते. बापाला पकडा, खटला चालवा, कायद्याने परत पाठवता येत असेल तर पाठवा. बापाच्या कर्जासाठी मुलाला वेठीला धरणारा सावकार मात्र आपण कायद्याने कधीच मोडीत काढला आहे. आणि कागदांच्या तपासणीने प्रश्न सुटतो म्हणावे, तर आसामातल्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) अंतिम यादीतून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी एकोणीस लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली, आणि ती यादी ना आंदोलन करणाऱ्यांना मान्य झाली ना वगळलेल्यांना.

मुलाच्या आधाराने आईबाप मागून येतात, हाही आक्षेप असतो. अमेरिकेत मूल एकवीस वर्षांचे झाल्याशिवाय ते आईबापांसाठी अर्जच करू शकत नाही. एकवीस वर्षांनी फळ धरणाऱ्या झाडासाठी कोणी आज जिवावर उदार होऊन वाळवंट तुडवत असेल, असे मला वाटत नाही.

जगातल्या अनेक देशांनी जन्माचा नियम सोडला, हे मात्र मान्य करावे लागते. ब्रिटनने १९८३ पासून सोडला, ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये, आयर्लंडने तर २००४ साली सार्वमत घेऊन. पण ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनी सोडताना एक खिडकी उघडी ठेवली: तिथे जन्मलेले मूल दहा वर्षे तिथेच वाढले, तर आईबाप कोणीही असोत, ब्रिटनमध्ये त्याला नोंदणीचा हक्क मिळतो आणि ऑस्ट्रेलियात ते आपोआप नागरिक होते. आपण नियम सोडला आणि खिडकीही ठेवली नाही. खिडकी नसली की काय होते ते डोमिनिकन प्रजासत्ताकात दिसले. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २०१३ साली ठरवले, की १९२९ पासून अनियमित स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेले लोक नागरिक नव्हतेच, आणि हैतीहून ऊसतोडीला आणलेल्या मजुरांची मुले-नातवंडे आपल्या जन्मगावीच परकी झाली. हे वाचताना वाळव्यातला तो फड माझ्या डोळ्यांपुढे आला, यात अतिशयोक्ती नाही.

१९५५चा मूळ नियम जसाच्या तसा परत यावा, असे माझे मत आहे. पण आजच्या वातावरणात ते होणार नाही, हेही मला कळते. म्हणून निदान एवढे तरी व्हावे. जे मूल भारतात जन्मले आणि ज्याला दुसरा कोणताही देश आपला मानत नाही, त्याला जन्मापासून भारतीय मानावे. प्रत्येक बालकाला राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क आहे, असे सांगणारा बालहक्कांचा करार आपण १९९२ साली स्वीकारला आहे. त्याची अंमलबजावणी करणारे कलम आपल्या कायद्यात नाही. आणि जे मूल इथे जन्मून दहा वर्षे इथेच वाढले, त्याला आईबापांच्या कागदांचा विचार न करता नोंदणीचा हक्क द्यावा. तो हक्क असावा, अधिकाऱ्याच्या मर्जीवरची सवलत असू नये.

दहा वर्षांचा पुरावा कुठून आणायचा, असे विचारले जाईल. त्यासाठी नवे कार्यालय काढायला नको. प्रत्येक शाळेच्या कपाटात वर्गवार हजेरीपत्रके बांधून ठेवलेली असतात. सोमवार ते शनिवार, सकाळ-दुपार, मूल हजर होते की नव्हते हे वर्गशिक्षकाने रोजच्या रोज लिहिलेले असते, आणि महिन्याच्या शेवटी मुख्याध्यापकाने बेरीज तपासून खाली सही केलेली असते. माझ्या सह्यांची अशी नऊ वर्षांची पत्रके त्या शाळेत आजही आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयाने मागितली, तर एका दिवसात काढून देता येतील.